१८ मेच्या सत्रात एचआयव्ही लसीबद्दल नेमकं काय सांगावं?

सत्रसंयोजक

नमस्कार. १८ मे हा एचआयव्ही लस जागृती दिन. त्या निमित्ताने ६० मिनिटांचं सत्र घ्यायचं आहे. समोर तीस-चाळीस जण असतील, वय १८ ते ३०, विज्ञान शिकलेले आणि न शिकलेले दोन्ही. प्रोजेक्टर मिळेलच असं नाही, फळा नक्की आहे.

तयार मिळालेल्या भित्तिपत्रकावर "लस आता हाताच्या अंतरावर" असं छापलेलं आहे, आणि ते लावावंसं वाटत नाही. जाणकारांना चार गोष्टी विचारायच्या आहेत.

१. इतक्या वर्षांत लस का नाही, हे जीवशास्त्र न शिकलेल्याला कसं समजावायचं?
२. फसलेल्या चाचण्यांबद्दल सांगावं का? त्याने लोकांचा विश्वास उडेल का?
३. चाचणीत भाग घेणाऱ्यांबद्दल हमखास कोणते प्रश्न येतात, आणि त्यांची अचूक उत्तरं काय?
४. सहा महिन्यांनी एकदा घ्यायच्या इंजेक्शनची बातमी वाचून "लस तर आली की" असं म्हणणाऱ्यांना काय सांगायचं?

सूक्ष्मदर्शक

ते भित्तिपत्रक लावू नका, हे आधी. १९८४ साली अमेरिकेच्या तेव्हाच्या आरोग्यमंत्री मार्गारेट हेकलर यांनी साधारण दोन वर्षांत लस चाचणीसाठी तयार होईल असं जाहीर केलं होतं. १८ मे १९९७ ला बिल क्लिंटन यांनी मॉर्गन स्टेट विद्यापीठातल्या भाषणात दहा वर्षांचं उद्दिष्ट ठेवलं. त्या भाषणावरूनच १९९८ पासून हा दिवस पाळला जातो. दोन्ही मुदती केव्हाच उलटून गेल्या. तारखेचं आश्वासन पाळलं गेलं नाही की पुढचं खरं सांगितलेलंही कोणी ऐकत नाही.

आता पहिला प्रश्न. तीन अडचणी सांगा, त्यातल्या दोन हाताने करून दाखवता येतात.

नकलेचा खेळ. सहा-सहा जणांच्या पाच रांगा करा. प्रत्येक रांगेतल्या पहिल्याला १५ अक्षरांची तीच निरर्थक ओळ द्या, उदाहरणार्थ "कटमपरसनबलदगतचवह". त्याने ती दहा सेकंद पाहायची, उलटी ठेवायची, आठवेल तशी नव्या चिठ्ठीवर लिहून मागच्याला द्यायची. शेवटच्या पाच चिठ्ठ्या फळ्यावर एकाखाली एक लिहा. पाचही वेगळ्या निघतात, आणि मूळ ओळीशी बहुधा एकही जुळत नाही. इथे एक चूक सर्रास होते. अर्थपूर्ण वाक्य दिलं तर लोक अर्थावरून ते मनातच दुरुस्त करतात आणि ओळ शेवटपर्यंत शाबूत पोचते. म्हणून ओळ निरर्थकच हवी. वीस सेकंद दिले तरी खेळ फसतो.

मग सांगा: एचआयव्हीचा जनुकीय मजकूर सुमारे साडेनऊ हजार अक्षरांचा आहे. तो उतरवून घेणारं विकर (एन्झाइम), रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज, चुका तपासत नाही. साधारण दर तीन-चार नकलांमागे एक चूक पडते, आणि उपचार न घेतलेल्या व्यक्तीच्या शरीरात रोज अब्जावधी नवे विषाणूकण तयार होतात. "विषाणू हुशारीने रूप बदलतो" असं मात्र म्हणू नका. त्याला हेतू नसतो. चुका आपोआप होतात, आणि ज्या चुकीमुळे विषाणू प्रतिपिंडांच्या (विषाणूला पकडणाऱ्या, शरीराने बनवलेल्या प्रथिनांच्या) हातून निसटतो ती टिकते, एवढंच.

चेंडू आणि टाचण्या. शाडूचे किंवा खेळण्याच्या मातीचे, क्रिकेटच्या चेंडूएवढे दोन गोळे. एकावर गोल डोक्याच्या टाचण्या जेमतेम १४, दूर दूर. दुसऱ्यावर बसतील तेवढ्या, दाटीने. पहिला एचआयव्ही, दुसरा फ्लूचा विषाणू. (फ्लूच्या कणावर शेकडो काटे असतात, एचआयव्हीवर सरासरी १४च्या आसपास.) प्रतिपिंडाला दोन हात असतात. आता एकाला अंगठा आणि तर्जनी दोन बोटांच्या रुंदीइतकीच उघडी ठेवून दोन टाचण्या एकदम पकडायला सांगा. दाट गोळ्यावर लगेच जमतं, विरळ गोळ्यावर एकीलाच हात लागतो आणि पकड सुटते. त्यानंतर विरळ गोळ्यावरच्या टाचण्यांभोवती लोकर गुंडाळा. ही साखरेच्या रेणूंची झूल. ती आपल्याच पेशींनी बनवलेली असते, म्हणून शरीर तिला परकं मानत नाही, आणि तिच्याखाली प्रथिनाचे नाजूक भाग झाकले जातात. टाचण्यांची टोकं मातीत पूर्ण रुतलेली आहेत ना, हे गोळा हातात देण्याआधी पाहा.

तिसरी अडचण तोंडी सांगून भागेल, पण वगळू नका. गोवराची लस बनवताना निसर्गात धडा उपलब्ध होता: गोवर होऊन बरा झालेला माणूस पुढे सुरक्षित राहतो. एचआयव्हीत शरीराने स्वतःहून संसर्ग पुसून टाकल्याची उदाहरणं इतकी विरळ आहेत की त्यावरून नक्कल करता येत नाही. त्यातच हा विषाणू काही दिवसांत आपला मजकूर सीडी४ पेशींच्या, म्हणजे रोगप्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या, स्वतःच्या डीएनएत शिवून टाकतो आणि तिथे वर्षानुवर्षं गप्प पडून राहतो. इतर बऱ्याच लसी संसर्ग होऊ देतात आणि आजार आवरतात. इथे तशी सवलत नाही, पहारा दारातच उभा हवा.

आकडेमोड

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: सांगायचंच, आणि आकड्यांसकट. फसलेल्या चाचण्या लपवल्या तर लोक त्या मोबाइलवर शोधून काढतात आणि मग बाकीचं सगळं त्यांना संशयास्पद वाटू लागतं.

सगळ्या चाचण्यांची जंत्री नको. चार पुरेत.

थायलंडमधली आरव्ही१४४, निकाल २००९. सोळा हजारांहून जास्त स्वयंसेवक, सहा महिन्यांत दोन लसींचा क्रम: आधी एएलव्हॅक, मग त्याबरोबर एड्सव्हॅक्सचे बूस्टर. परिणामकारकता ३१.२ टक्के. हा आकडा जवळजवळ प्रत्येक सभेत चुकीचा ऐकला जातो. लोकांना वाटतं, शंभरातले ३१ वाचले आणि ६९ जणांना संसर्ग झाला. तसं नाही. प्रत्येक गटात सुमारे ८,२०० जण होते. साडेतीन वर्षांत प्लासिबो गटात (लसीसारखी दिसणारी पण औषध नसलेली सुई मिळालेल्यांत) ७४ जणांना संसर्ग झाला, लस गटात ५१ जणांना. फळ्यावर ७४ ठिपके काढा आणि त्यांतले २३ पुसा. ७४ मधून २३ गेले, म्हणजे ३१ टक्के कमी. प्रत्येक गटातल्या आठ हजारांहून जास्त लोकांना मुळात संसर्ग झालाच नाही. हे ठिपके काढायला तीन मिनिटं लागतात, आणि पुढे कुठल्याही लसीची बातमी वाचताना ते उपयोगी पडतात.

हे संरक्षण पहिल्या वर्षी जास्त होतं, पुढे ओसरलं, म्हणून लस वापरात आणली नाही. पण रक्ताच्या नमुन्यांतून विषाणूच्या काट्याच्या कुठल्या भागाविरुद्ध प्रतिपिंडं असलेल्यांना धोका कमी होता, हे कळलं.

दक्षिण आफ्रिकेतली उहाम्बो, म्हणजे एचव्हीटीएन ७०२. त्याच कल्पनेवर, तिथल्या सी उपप्रकारासाठी बदललेली लस, ५,४०७ स्वयंसेवक. फेब्रुवारी २०२० मध्ये थांबवली, कारण लस गटात १२९ संसर्ग आणि प्लासिबो गटात १२३. फरक नाही. "थांबवली" या शब्दाने लोक घाबरतात, म्हणून इथे थांबून समजावा. स्वतंत्र देखरेख समिती ठराविक काळाने आकडे उघडून पाहते. धोका दिसला तर ती चाचणी थांबवते, तशीच पुढे चालवून काही हाती लागणार नाही असं दिसलं तरीही थांबवते. उहाम्बोत यातलं दुसरं कारण होतं.

स्टेप चाचणी, २००७. ही टाळण्याचा मोह होईल, टाळू नका. यात एचआयव्हीच्या जनुकांचे तुकडे पोचवायला एडिनोव्हायरस ५ हा सर्दीचा, वाढू न शकणारा विषाणू वाहक म्हणून वापरला होता. लसीचा फायदा झाला नाही. उलट ज्या पुरुषांची सुंता झालेली नव्हती आणि ज्यांच्या रक्तात या वाहकाविरुद्ध आधीपासून प्रतिपिंडं होती, त्यांच्यात लस घेतलेल्यांना संसर्गाचं प्रमाण जास्त दिसलं. लसीतून एचआयव्ही झाला नाही, लसीत जिवंत किंवा अख्खा एचआयव्ही नव्हताच. पण धोका वाढलेला दिसला हे खरं आहे, आणि तेव्हा लसीकरण थांबवून स्वयंसेवकांना ते सांगण्यात आलं. कोणी हा विषय काढला आणि तुम्ही "अफवा आहे" म्हणालात, तर सत्र तिथेच संपलं असं समजा.

चौथी जोडी इम्बोकोडो आणि मोझॅइको. जगभरातल्या वेगवेगळ्या उपप्रकारांचे तुकडे जोडून बनवलेली लस. पहिली आफ्रिकेतल्या पाच देशांत सुमारे २,६०० तरुण स्त्रियांमध्ये, २०२१ मध्ये जाहीर झालेला आकडा २५ टक्के. पण त्याची अनिश्चितता इतकी मोठी होती की तो शून्यही असू शकला असता. दुसरी जानेवारी २०२३ मध्ये थांबवली.

यापुढे काय, हे विचारलं जाईलच. सध्याचा भर व्यापक प्रतिपिंडांवर आहे, म्हणजे विषाणूच्या अनेक वाणांना एकाच वेळी अडवणाऱ्या. अशी प्रतिपिंडं पुढे बनवू शकतील अशा कच्च्या बी पेशी फार दुर्मीळ, एका प्रकारच्या तर सुमारे तीन लाखांत एक. पहिल्या डोसने त्यांना जागं करायचं आणि पुढच्या वेगवेगळ्या डोसांनी पायरी-पायरीने घडवायचं, अशी कल्पना. आयएव्हीआय जी००१ या पहिल्या टप्प्याच्या चाचणीत लस घेतलेल्या ३६ पैकी ३५ जणांत त्या पेशी जाग्या झाल्या. वाक्य इथेच संपवा. पेशी जाग्या होणं म्हणजे संरक्षण मिळणं नव्हे. नंतरच्या एमआरएनए रूपात काही स्वयंसेवकांना त्वचेवर पित्त उठल्यासारख्या गाठी आल्या, त्याचाही अभ्यास चालू झाला. "३५/३६ यश" असा मथळा दिसला तर तो खोडून काढा.

समुपदेशन_कक्ष

वरच्या दोन्ही प्रतिसादांशी सहमत. तिसऱ्या प्रश्नाबद्दल.

"लस टोचून मग मुद्दाम एचआयव्ही देतात का?" हा प्रश्न बहुतेकांच्या मनात असतो आणि विचारतात फार थोडे. त्यामुळे तो तुम्हीच काढा. नाही. काही आजारांच्या लसीत स्वयंसेवकांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली मुद्दाम संसर्ग देऊन चाचणी करतात, एचआयव्हीत ते केलं जात नाही. चाचणीतल्या प्रत्येकाला, लस गट असो वा प्लासिबो, कंडोम, समुपदेशन, इतर गुप्तरोगांची तपासणी-उपचार आणि प्रेपची (संसर्ग होऊ नये म्हणून आधीच घ्यायच्या औषधांची) सोय दिली जाते. म्हणूनच हजारो माणसं आणि अनेक वर्षं लागतात: सगळी काळजी घेऊनही जे थोडे संसर्ग होतात, त्यांच्यातून फरक शोधायचा असतो.

"मला कुठली सुई मिळाली, लस की पाणी?" चिठ्ठ्यांनी दाखवा. वीस घड्या घातलेल्या चिठ्ठ्या, दहांवर 'क', दहांवर 'ख'. वीस जणांनी एकेक उचलायची, उघडायची नाही. सत्र संपेपर्यंत त्या बंदच राहू द्या. तुम्हालाही क म्हणजे लस की ख, हे माहीत नको. ती खूण एका तिसऱ्या व्यक्तीकडे लिफाफ्यात ठेवा. लस मिळाली असेल असं समजून स्वयंसेवकाने काळजी सोडू नये, हा मुद्दा इथे आपोआप पटतो.

सर्वांत जास्त गोंधळ तपासणीचा. नेहमीच्या तपासण्या मुख्यतः प्रतिपिंडं शोधतात, आणि लस तर प्रतिपिंडं बनवण्यासाठीच देतात. त्यामुळे संसर्ग नसतानाही स्वयंसेवकाची एलायझा किंवा रॅपिड टेस्ट पॉझिटिव्ह येऊ शकते, लसीच्या प्रकारानुसार कधी वर्षानुवर्षं. खरा संसर्ग आहे का हे विषाणूचं जनुकद्रव्य शोधणाऱ्या तपासणीने, म्हणजे पीसीआरसारख्या चाचणीने ठरतं. म्हणून स्वयंसेवकाने चाचणी चालू असताना एचआयव्हीची तपासणी चाचणी-केंद्रातच करून घ्यायची. बाहेर केली तर दोन तोटे: चुकीचं निदान माथी बसू शकतं, आणि पॉझिटिव्ह निकालावरून तो लस गटात आहे हे उघड होतं. नोकरी, विमा, परदेशवारी, गरोदरपण, रक्तदान अशा ठिकाणी हा प्रश्न उभा राहतो. रक्तदान त्यांनी करायचंच नसतं. चाचणी संपल्यावरही अशी तपासणी आणि लेखी पत्र केंद्र देईल का, हे संमतीपत्रावर सही करण्याआधी विचारायचं.

संमतीबद्दल एवढं सांगा: सही म्हणजे करार नव्हे. स्वयंसेवक कधीही, कारण न देता बाहेर पडू शकतो आणि त्याचे नेहमीचे उपचार त्यामुळे थांबत नाहीत. प्रवासखर्च आणि वेळेचा मोबदला मिळतो. पण रक्कम इतकी मोठी नसावी की माणूस धोक्याकडे डोळेझाक करेल. यूएनएड्स (संयुक्त राष्ट्रांचा एड्सविषयक कार्यक्रम) आणि एव्हीएसी (एचआयव्ही-प्रतिबंधासाठी काम करणारी संस्था) यांची लोकसहभागाची मार्गदर्शक तत्त्वं आहेत (२००७, सुधारित २०११). त्यांनुसार ज्या वस्तीत चाचणी व्हायची, तिथल्या लोकांशी आराखडा ठरण्यापासून निकाल सांगण्यापर्यंत बोलणं अपेक्षित आहे.

आणि एक ठाम विनंती. जागृतीच्या सत्रात स्वयंसेवकांची नावनोंदणी करू नका, कोणी अर्ज आणून दिले तरी. मित्रांसमोर "मी तयार आहे" म्हणून हात वर करणाऱ्याला नंतर मागे येणं अवघड जातं, आणि त्यावरून त्याच्या खासगी आयुष्याची चर्चा सुरू होते. प्रश्नही चिठ्ठीवर, नाव न लिहिता, खोक्यात घ्या. सगळ्यांनी चिठ्ठी टाकायची, प्रश्न नसेल तर कोरी. नाहीतर कोण उठला हे दिसतं. फोटो नकोत. "एड्सचा रोगी" ऐवजी "एचआयव्हीसह जगणारी व्यक्ती" म्हणा. खोलीत अशी व्यक्ती आहे असं धरूनच बोला.

सत्रसंयोजक

तिघांचे मनापासून आभार. टाचण्यांचा प्रयोग आणि ७४ ठिपके नक्की. चौथा प्रश्न राहिला आहे. शिवाय हे सगळं ६० मिनिटांत बसेल का?

सूक्ष्मदर्शक

ते इंजेक्शन म्हणजे लेनाकापाविर. हे औषध आहे, लस नव्हे. लस शरीराला शिकवून बाजूला होते आणि पहारा शरीर देतं. लेनाकापाविर स्वतः पहारा देतं: विषाणूच्या आतल्या कवचाला, म्हणजे कॅप्सिडला चिकटतं आणि त्याचं काम अडवतं. औषध संपलं की पहारा संपला.

परिणाम मात्र विलक्षण आहे आणि तो मोकळेपणाने सांगावा. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या पर्पज १ चाचणीत हे इंजेक्शन घेणाऱ्या २,१३४ मुली आणि तरुण स्त्रियांपैकी एकीलाही संसर्ग झाला नाही. अमेरिकेत जून २०२५ मध्ये प्रतिबंधासाठी मान्यता मिळाली. द्यायची पद्धत अशी: दर सहा महिन्यांनी पोटाच्या कातडीखाली दीड-दीड मिलीच्या दोन सुया, एकूण ९२७ मिलिग्रॅम. सुरुवातीला पहिल्या आणि दुसऱ्या दिवशी ३०० मिलिग्रॅमच्या दोन-दोन गोळ्याही घ्याव्या लागतात, कारण कातडीखालून औषध रक्तात हळू उतरतं. प्रत्येक वेळी आधी एचआयव्ही तपासणी हवीच. पुढची सुई चुकवली तर औषधाची रक्तातली पातळी एकदम शून्यावर न जाता महिनोन्महिने घसरत राहते. त्या काळात संसर्ग झाला तर तो दबला जात नाही, पण विषाणूला त्या औषधाला दाद न देण्याची सवय लागू शकते. म्हणून "थांबवायचं असेल तर सांगून थांबवा, दुसरा प्रतिबंध सुरू करा".

मग लस कशाला? यूएनएड्सच्या अंदाजाने २०२४ मध्ये १३ लाख नवे संसर्ग झाले. दर सहा महिन्यांनी, आयुष्यभर, प्रत्येक गरजू माणसापर्यंत सुई पोचवणं हे काम वेगळ्याच आकाराचं आहे. आणि लसीचं संशोधन सार्वजनिक पैशावर चालतं: मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेने ड्यूक आणि स्क्रिप्स इथल्या लस-संशोधन गटांचं अनुदान पुढे न वाढवण्याचा निर्णय घेतला. ही बातमी सामान्य माणसाला कळावी, हा या दिवसाचा निम्मा हेतू आहे असं माझं मत.

रानवारा

६० मिनिटांत हे सगळं बसणार नाही, आणि बसवूही नये. आकडेमोड यांच्या चारपैकी आरव्ही१४४ आणि स्टेप एवढ्याच घ्या. बाकीच्या प्रश्न आले तर. ३५/३६ चा तपशील पूर्ण वगळला तरी चालेल.

माझ्या हिशोबाने: सुरुवातीला ५ मिनिटं चार विधानांची चिठ्ठी (बरोबर, चूक, माहीत नाही). नकलेचा खेळ १०, चेंडू ५. आरव्ही१४४ आणि स्टेप मिळून १२. चिठ्ठ्या आणि संमती ८. खोक्यातले प्रश्न १५, यातून एक मिनिटही कापू नका. शेवटी ५ मिनिटं तीच चार विधानं पुन्हा. नकलेचा खेळ लांबायला लागला तर चौथ्या माणसावर थांबवा, फरक तोवर दिसलेला असतो.

सत्रसंयोजक

चिठ्ठीवरची विधानं अशी केली आहेत: (१) चाचणीतल्या लसीमुळे एचआयव्ही होऊ शकतो. (२) आज एचआयव्हीवर मान्यताप्राप्त लस उपलब्ध आहे. (३) लेनाकापाविर ही लस आहे. (४) चाचणी थांबवली याचा अर्थ लसीने लोकांना इजा झाली. भित्तिपत्रकाचं वाक्यही बदललं: "एचआयव्हीची लस अजून नाही. शोध चालू आहे. आज उपलब्ध: तपासणी, उपचार, कंडोम, प्रेप."

आकडेमोड

भित्तिपत्रक उत्तम. चिठ्ठी बदला. चारही विधानांचं उत्तर "चूक" आहे. काही न समजता सगळीकडे "चूक" ठोकणाऱ्याला पूर्ण गुण मिळतील आणि सत्राआधी-नंतरचा फरक मोजताच येणार नाही. शिवाय चौथं विधान स्टेपबद्दल बोलल्यानंतर संदिग्ध होतं. (३) आणि (४) काढून ही घाला: "चाचणीतल्या स्वयंसेवकाची नेहमीची एचआयव्ही तपासणी संसर्ग नसतानाही पॉझिटिव्ह येऊ शकते" आणि "स्वयंसेवक कारण न देता चाचणीतून बाहेर पडू शकतो". लेनाकापाविर हवंच असेल तर विधान असं करा: "लेनाकापाविरचा परिणाम टिकवायला ते पुन्हा पुन्हा घ्यावं लागतं". आधीच्या आणि नंतरच्या चिठ्ठ्यांचे कागद दोन रंगांचे ठेवा, नाहीतर गोळा करताना मिसळतात.